चार घरांची कोजागिरी

मिरज,
आश्विन शुद्ध द्वितीया

चि. समीर,


परवा फोनवर तू म्हणालास, वाकडला राहायला येऊन दोन वर्षं होत आली, पण शेजारच्या दारामागे कोण राहतं ते अजून धड ठाऊक नाही. कोजागिरीला चार माणसं घरी बोलवावीत असं तुला वाटतं, पण नुसत्या विचारानेच मुग्धाला दडपण येतं. तिला दडपण येणं साहजिक आहे. ‘घरी माणसं येणार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते भरलेलं ताट: दोन भाज्या, कोशिंबीर, मसालेभात, एक गोड आणि वर ‘अजून एक घ्या’चा आग्रह. मुंजीला, डोहाळजेवणाला ते शोभतं. शेजाऱ्यांची ओळख व्हायला त्यातलं काही लागत नाही. फोनवर हे अर्धंमुर्धं सांगून झालं असतं, म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी एक कसोटी सांगते. बाकीचं सगळं तिच्यावरून ठरव. माणसं गेल्यावर दार लावताना तुम्हा दोघांना ‘पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावू’ असं वाटलं, तर बेत जमला. ‘झालं एकदाचं’ असं वाटलं, तर लोकांनी पदार्थांची कितीही तारीफ केलेली असो, बेत फसला असं समज. शेजार एका संध्याकाळीत जुळत नाही. माणसं पुन्हा पुन्हा भेटली तरच जुळतात, आणि जे झेपतं तेच पुन्हा पुन्हा होतं. एखादा पदार्थ वाढवावा का, आणखी दोन घरं बोलवावीत का, असं मनात येईल तेव्हा एवढंच विचारायचं: हे पुढच्या महिन्यातही करता येईल का?

आपल्या बायकांना हे फार आधीपासून कळलेलं आहे. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की आमच्याकडे सोळा दिवसांचा हादगा बसतो. पुण्याकडे नवरात्रात भोंडला असतो, आणि विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. खिरापत ती केवढी, तळहातावर मावेल एवढी. जिच्या घरी फेर असेल तिचा सगळा जीव आपली खिरापत कोणाला ओळखता येऊ नये यात असतो; ती किती आहे, महागाची आहे का, हे कोणी बघत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवालाही ‘पाच ते आठ केव्हाही या’ असंच सांगतात. बायका येतात, घटकाभर टेकतात, तिळगूळ आणि वाण घेऊन पुढच्या घरी जातात, त्यामुळे दोन खोल्यांच्या घरातसुद्धा गर्दी तुंबत नाही. भिशीत पाळी फिरत राहते, म्हणून वर्षभर भेटूनही एकाच घरावर भार पडत नाही. खाणं थोडं, वेळ आखलेली आणि पाळी फिरती, एवढं यातून घेतलंस तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट मात्र घेऊ नकोस. हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलवायचं नाही, हा रिवाज घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आणि अजूनही पुरता गेलेला नाही. आमच्या मिरजेपासून जवळच, शिरोळ तालुक्यात, हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. गावाने जे ठरवलं ते तुमच्या उंबऱ्याच्या आत न सांगता पाळलं जायला हवं. तुझ्या घरच्या बैठकीत कोण सवाष्ण, कोण एकटी, कोण भाडेकरू आणि कोण मालक, असा भेद कोणालाही जाणवता कामा नये.

आता किती माणसं बोलवायची ते. चार घरं. तुमचं धरून पाच, म्हणजे मुलंबाळं मिळून दहा-बारा जण. रॉबिन डनबार या ब्रिटिश अभ्यासकाने गप्पा मारणाऱ्या लोकांचं निरीक्षण करून १९९५ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक निबंध लिहिला होता. एका संभाषणात साधारण चार माणसं नीट सामावतात, पाचवं-सहावं आलं की त्या गप्पांचे आपोआप दोन तुकडे होतात, असं त्यांना दिसलं. दहा जण असले की गप्पांचे दोन-तीन घोळके होतात. माणूस एकातून उठून दुसऱ्यात सहज बसू शकतो, आणि तुम्हा दोघांनाही प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलायला सापडतं. पंचवीस माणसं बोलावलीत तर त्यातले निम्मे ओळखीच्यांना धरून कोपऱ्यात उभे राहतील आणि जे कोणालाच ओळखत नाहीत ते फोन काढून बसतील. ज्यांच्यासाठी बोलावणं करायचं, नेमके तेच एकटे पडतील.

म्हणून घरं विचार करून निवड. एक घर असं असू दे की ज्यांच्याशी तुमची थोडी तरी ओळख आहे. ते लोक आपणहून मदतीला उठतील. एक घर लहान मुलांचं, कारण मुलं असली की मोठ्यांचं अवघडलेपण लवकर जातं. एक वयस्कर जोडपं किंवा एकटं राहणारं कोणी वडीलधारं. आणि चौथं घर म्हणजे तू सांगितलीस ती वरच्या मजल्यावरची तीन मुलं, नोकरीसाठी आलेली, भाड्याने राहणारी. त्यांच्याकडे सोसायटी संशयाने पाहते असं तू म्हणालास. त्यांना नक्की बोलाव. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाचतो, आणि त्याचं प्रमाण तरुणांमध्येही मोठं आहे, असं त्यात म्हटलं आहे. घरापासून हजार किलोमीटरवर राहणाऱ्या मुलाला सणाच्या दिवशी कोणी हाक मारून घरात घेणं ही फार मोठी गोष्ट असते. ती मुलं असतील तेव्हा बोलणं हिंदीत ठेवा. यजमानच मराठीत रमले तर ती नुसती हसत बसतील.

बोलावणं सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नकोस. तिथे टाकलेलं आमंत्रण सगळ्यांना असतं, म्हणून कोणालाच असत नाही. संध्याकाळी खाली-वर जाऊन चार बेल वाजव. ‘या ना एकदा घरी’ एवढ्यावर कोणी येत नसतं, वार आणि वेळ सांगावी लागते. सरळ असं म्हण: ‘कोजागिरीला रात्री आठ ते दहा आमच्याकडे मसाला दूध आहे. चार घरंच आहोत. जेवून या, वर दूध आणि थोडं चटकमटक आहे.’ ‘जेवून या’ हे शब्द गाळू नकोस. ते ऐकलं की येणाऱ्याला कळतं काय अपेक्षा ठेवायची, आणि मुग्धाच्या डोक्यावरचं ताट आपोआप उतरतं. शेवटची वेळही आधीच सांग. दुसऱ्या दिवशी ऑफिस असलेली माणसं दहाची खात्री मिळाली की निर्धास्त येतात. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर मनाई असते. तुला तर तो लावायचाच नाही, पण सोसायटीतही दहा ही वेळ सर्वांना पटणारी आहे. चंद्राचं म्हणशील, तर पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळताच उगवतो. साडेआठपर्यंत तो इमारतींच्या वर आलेला असतो, मध्यरात्रीपर्यंत कोणाला ताटकळत ठेवायची गरज नाही. गच्ची सगळ्या सोसायटीची असते, म्हणून सेक्रेटरींना आधी विचारून किल्ली घेऊन ठेव. दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी वर जाऊन यायचं, बाकी बैठक घरातच. आकाश भरून आलं तरी मग काही बिघडत नाही.

खाण्याचं आता नीट लिहून देते. दूध दोन लिटर, साईचं. मंद आचेवर ढवळत थोडं आटवलं की पावणेदोन लिटर उरतं, आणि दीडशे मिलीच्या पेल्याने अकरा-बारा जणांना पुरतं. बदाम, पिस्ते, चारोळी, वेलदोडे, जायफळ आणि चिमूटभर केशर यांचा मसाला चार दिवस आधी करून डब्यात भरून ठेवता येतो. मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला तर बदामाला तेल सुटून गोळा होतो. साखर दीडशे ग्रॅमच्या आसपास, पण ती आणि मसाला घालण्यापूर्वी तीन-चार पेले दूध वेगळं काढून ठेवा. वयस्कर घरात मधुमेह असायचाच, आणि एखाद्या मुलाला सुक्या मेव्याची अॅलर्जी असते. त्यांना साधं दूध मिळालं तर त्यांना संकोचाने ‘नको’ म्हणावं लागणार नाही.

दुधाबरोबर भडंग. मी इथून पाठवते आहे. सांगली-जयसिंगपूरची भडंग हवाबंद डब्यात बरेच दिवस कुरकुरीत राहते आणि दहा-बारा जणांना अर्धा किलो पुष्कळ होते. कांदा, कोथिंबीर आणि लिंबाच्या फोडी शेजारी वाटीत ठेवा. ज्याने त्याने आपल्या वाटीत घालून घ्यावं. आधीच कालवून ठेवलीत तर ती मऊ पडेल, आणि कांदा वेगळा असला की कोणी जैन शेजारी असतील तर त्यांना तो टाळायचा असतो त्याचीही सोय होते. याच्यापलीकडे तिसरा पदार्थ नको. मुग्धाला आदल्या दिवशी वाटेलच की हे फार थोडं आहे, निदान बटाटेवडे तरी करू. तेव्हा तिला माझी कसोटी वाचून दाखव. वडे तळायचे म्हणजे एक माणूस सगळा वेळ कढईपाशी उभा, आणि बाहेर सगळ्यांच्या ओळखी होत असताना नेमकं घरचंच माणूस आत.

इथे तुला एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण मी तुझी आत्या आहे आणि तू ती ऐकून घेशील. घरी माणसं बोलवायची हौस तुझी आहे, तेव्हा ओटाही तुझा. दूध तू आटवायचंस, पेले तू भरायचेस, रात्री भांडी दोघांनी मिळून घासायची. आपल्या घराण्यात पुरुषांनी माणसं गोळा करावीत आणि बायकांनी स्वयंपाकघरातून आवाज ऐकावेत असं फार चाललं. माझ्या आईला घरी येणारा प्रत्येक माणूस काय खातो हे ठाऊक होतं, पण त्यातल्या बहुतेकांशी निवांत बसून बोलायला तिला कधी मिळालं नाही. मुग्धा नव्या शहरात आली आहे, तिलाच मैत्रिणींची जास्त गरज आहे. त्या रात्री तिने बाहेर बसावं, आणि ती बसली आहे ना हे तू पाहावंस.

कोणी ‘काही आणू का?’ म्हणून विचारलं तर ‘छे, छे, काही नको’ असं सवयीने म्हणू नका. विचारणाऱ्याला नेमकं काहीतरी सांगा. एका घरातून सहा पेले, एका घरातून दोन खुर्च्या, त्या तीन मुलांकडून एक सतरंजी आणि लिंबं. ज्याने काही आणलेलं असतं त्याला त्या घरात पाहुण्यासारखं अवघडून बसावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पेले परत द्यायला तुम्ही त्यांच्या दारात जाल, तेव्हा दोन मिनिटं बोलणं होईल, आणि ती दुसरी भेट ठरेल. वाटीभर साखर मागायला जाण्याची रीत चाळीतून आणि वाड्यांतून माणसं बाहेर पडली तशी मागे राहिली. फ्लॅटमध्ये ती कोणीतरी मुद्दाम सुरू करावी लागते.

घर आवरण्यात जीव घालवू नका. हॉल आणि न्हाणीघर स्वच्छ असू दे, बेसिनपाशी धुतलेला टॉवेल, दाराबाहेर चपलांना जागा. बाकीचा पसारा आतल्या खोलीत ढकलून दार लोटून घ्या. दुसऱ्याच्या घरी थोडा पसारा दिसला की माणसाला बरं वाटतं. त्याला आपल्या घरी बोलवायला धीर येतो. लखलखीत घर पाहून परतलेली बाई आधी स्वतःचे पडदे बदलायचं ठरवते आणि मग तुम्हाला बोलवणं वर्षभर लांबतं. पाण्याची बाटली, पेले, कचऱ्याची बादली सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, म्हणजे दर पाच मिनिटांनी कोणाला उठावं लागणार नाही. बसायला खुर्च्या कमी असतील तर सगळ्यांनीच सतरंजीवर बसावं आणि खुर्च्या वडीलधाऱ्यांना द्याव्यात.

ओळख करून देताना नाव आणि फ्लॅट नंबर एवढ्यावर थांबू नकोस. पुढे एक धागा दे: ‘हे रोज पहाटे टेकडीवर जातात’, ‘यांच्या बाल्कनीत मोगऱ्याच्या कुंड्या आहेत’. ऐकणाऱ्याला लगेच एक प्रश्न सापडतो. त्यासाठी बोलवायला जाशील तेव्हाच दोन गोष्टी विचारून ठेव. आणि बोलणं अडलं तर कोजागिरीच मदतीला आहे. ही पौर्णिमा एकट्या आपली नाही. बंगाल्यांकडे याच रात्री कोजागरी लक्ष्मीपूजा असते आणि नारळाचे लाडू वळतात. ओडिशात कुमार पौर्णिमा असते. गुजरातेत शरद पूनमला चांदण्यात ठेवलेले दूध-पोहे खातात, मिथिलेत कोजागराला नवविवाहितांच्या घरी मखाणे आणि पान वाटतात, उत्तरेत अनेक घरी खीर रात्रभर चंद्राखाली ठेवतात. वाकडच्या तुमच्या इमारतीत यातल्या दोन-तीन ठिकाणची माणसं नक्की असतील. ‘तुमच्याकडे आज काय करतात?’ एवढं विचार आणि ऐकत बस. आपल्या गावच्या सणाबद्दल कोणी विचारलं की अबोल माणूसही बोलता होतो. सोसायटीचं पाणी, पार्किंग, मेंटेनन्स हे विषय मात्र त्या दोन तासांत येऊ देऊ नकोस. त्यांना सर्वसाधारण सभा आहे. मुलांना पेले वाटायचं काम दे. मग टीव्ही लावावा लागत नाही.

पावणेदहाला उठून पेले गोळा करायला लाग, सगळ्यांना कळेल. दारात निरोप लांबला तर लांबू दे, खरं बोलणं पुष्कळदा तिथेच होतं. पण निघण्याआधी पुढची भेट ठरवून टाक. दिवाळीच्या गडबडीनंतर एखादा शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, चहा आणि खारी. त्यापुढे ऋतूच बेत सुचवेल: थंडीत मटार स्वस्त झाले की मटारची उसळ आणि पाव, संक्रांतीला तिळगूळ, चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हं. महिन्याचा एक शनिवार पक्का केलात की दर वेळी नव्याने बोलवायचं दडपण जातं. एखाद्या महिन्यात दोनच घरं आली तरी बैठक मोडू नका. दोन घरांची भेट सर्वांत चांगली होते.

आणि हिशेब ठेवू नकोस. ‘आम्ही तीनदा बोलावलं, त्यांनी एकदाही नाही’ हे वाक्य घरात उच्चारलंत की ही बैठक संपली म्हणून समजा. कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, कोणाच्या घरी नवराबायकोचं धड चाललेलं नसतं, कोणाला एवढाही खर्च जड जातो. त्यांना येता येतं, बोलावता येत नाही. पाळी फिरावी ही इच्छा ठेव, अट ठेवू नकोस. एखादं घर पहिल्यांदा ‘नाही’ म्हणालं तर पुढच्या महिन्यात पुन्हा बेल वाजव. दुसऱ्यांदाही नाही म्हणाले तर मन न दुखवता सोडून दे आणि लिफ्टमध्ये भेटल्यावर हसून बोलत राहा.

एवढं सगळं कशासाठी, तर तुम्ही दोघं दिवसभर बाहेर असता. उद्या मुग्धाला बाळ होईल, दादा-वहिनी तुमच्याकडे राहायला येतील. एखाद्या रात्री त्यांच्यापैकी कोणाला बरं वाटेनासं झालं तर मी मिरजेहून येईपर्यंत पाच-सहा तास जातील. समोरच्या दारातलं माणूस अर्ध्या मिनिटात येतं. पण रात्री दोन वाजता निःसंकोच बेल वाजवता यावी, यासाठी आधी त्या माणसाबरोबर बसून चार-सहा वेळा दूध प्यायलेलं असावं लागतं. त्यांनाही तुमची बेल तशीच वाजवता आली पाहिजे.

आज द्वितीया. कोजागिरीला अजून बारा-तेरा दिवस आहेत. या रविवारी चार घरी जाऊन ये आणि कोण कोण येतंय ते मला कळव.

मुग्धाला आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. भडंगेची दोन पाकिटं कुरिअरने धाडते आहे. लाल दोरा बांधलेल्या पाकिटात लसूण नाही, ते जैन शेजाऱ्यांसाठी वेगळं ठेव.